किलोमागे अर्धा मिलिग्रॅम

डॉक्टरीणबाईंनी आधी तिला काट्यावर उभं केलं.
अठ्ठेचाळीस किलो सहाशे.
वाशीच्या सेक्टर सतरातला तो काटा
दोनशे ग्रॅम जास्तीचं दाखवत होता, पैजेवर सांगतो.
तेवीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात तोलणार आहे मी.
पण बोललो नाही.
गोळीचा हिशेब वजनावर असतो, म्हणाल्या,
किलोमागे अर्धा मिलिग्रॅम.
मनात म्हटलं, चला, आपल्यातलीच बाई आहे.

मग कागद आला. दोन पानं, खाली सह्या.
ओठ फाटतील. डोळे कोरडे पडतील. सांधे धरतील.
नाकातून रक्त आलं तर घाबरू नका.
पुटकुळ्या आधी वाढतील, मग बसतील.
दर महिन्याला रक्त तपासायचं, लिव्हर आणि चरबी.
गोळी जेवणावर, उन्हात फिरणं कमी.
आणि औषध चालू असताना
दिवस जाता कामा नयेत,
बंद केल्यावरही महिनाभर.
पोटातल्या बाळाला व्यंग येतं.

कोपऱ्यात माशांची काचेची टाकी होती.
पाच मासे. मी तीनदा मोजले.
हर्षालीनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं,
"पप्पा, मी वाचून आलेय सगळं."
अठरा पुरी झालीयेत. सही तिची,
मी साक्षीदार.

सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात:
मन उदास होऊ शकतं. घरच्यांनी लक्ष ठेवावं.

याला काटा कुठला?
दोन वर्षं ही पोरगी कुणाच्या हळदीला आली नाही.
आत्या हळद-चंदन सांगायची, मामी कडुनिंब,
वरच्या मजल्यावरची बाई तर नुसतीच बघायची.
कॉलेजचं ओळखपत्र उलटं लटकवायची गळ्यात.
मग आता गप्प बसली
तर ते गप्प बसणं जुनं की गोळीचं?

दुसऱ्या महिन्यात ओठांचं साल निघायला लागलं,
चैत्रातल्या मालाचं निघतं तसं, हात लावला की सुटतं.
केमिस्ट्रीच्या जर्नलवर रक्ताचे दोन थेंब,
तिनं त्याभोवती पेन्सिलनं चौकट काढली
आणि पुढं लिहीत राहिली.
कोपरखैरण्याच्या आमच्या चार मजल्यांना
ती मधेच थांबते, गुडघ्यावर हात ठेवून,
पोती वाहणारे थांबतात तशी.

पहाटे तीनला मी मार्केटला निघतो.
एकदा दाराखालून उजेड दिसला. टकटक केलं.
"मन कसंय गं?"
जन्मात कुणाला विचारलं नव्हतं.
बायकोलाही नाही.
"पप्पा, पेपर आहे उद्या."
बरं म्हणालो आणि तिथंच उभा राहिलो.
दार उघडलं. ओठांवर व्हॅसलीन चमकत होतं.
"उदास नाहीये मी. वैतागलेय. वेगळं असतं ते."
"झालीस तर सांगशील?"
"सांगीन. जा, गाडी जाईल."

माथाडी हॉलमध्ये रक्तदानाचं शिबीर लागलं.
यंदा दोघांनी शेजारी शेजारी झोपून द्यायचं,
ती नववीत असल्यापासून ठरलेलं.
टेबलापाशी तीच म्हणाली,
"मला नाही चालत. गोळ्या सुरू आहेत."
मग माझ्याकडे वळून, हळू,
"कुणा पोटुशी बाईला चढवलं तर?"

ज्या ओळीपासून मी माशांमागे लपलो होतो
ती ही पोर सांभाळत फिरत होती,
कधीच न भेटणाऱ्या कुणासाठी.
माझी बाटली भरली. बिस्किटाचा पुडा मी तिला दिला,
ओठ दुखतात म्हणून तिनं चहात बुडवून खाल्ला.

या महिन्यात लिव्हरचा आकडा वर गेला.
पंधरा दिवस गोळी बंद, मग पुन्हा रक्त.
पाकीट फ्रीजवर पडून आहे, चार घरं फोडलेली.
चेहरा निवळलाय खरा, हनुवटीवर एक डाग सोडून.
ती आरशात बघते.
मी तिला बघतो, मग पाकिटाला.

काटा शून्यावर आल्याशिवाय पोतं चढवत नसतात.
घरी आलो की मी हल्ली
चपला काढायला जरा जास्तच वेळ लावतो.
आत तिच्या खोलीचं दार
किती उघडं आहे ते दिसेपर्यंत.